अरण्याचे उपकार आणि त्यांचा दाखला

ज्या वस्तूस बाजारांत भाव नाहीं, ती वस्तु संपत्ति म्हणून गणण्याची मनुष्यास संवय नसते. डोंगरावरील साग तोडून वखारींत आणला म्हणजे त्याचे घनफूट मोजतां येतात, त्याचा लिलांव होतो, आणि सरकारी जमाखर्चांत त्याची रक्कम जमेस धरली जाते. परंतु तोच साग उभा असतांना त्याच्या मुळांनीं जी माती धरून ठेविली, त्याच्या पानांनीं पावसाचा जो मारा झेलला, आणि त्याच्या सांवलींत टिकलेल्या ओलाव्यावर खालच्या गांवचा झरा जो फाल्गुनापर्यंत वाहिला, त्यांची नोंद कोणत्याहि वहींत आढळत नाहीं. वृक्ष पडला म्हणजे त्याचें मोल होतें. उभा असेपर्यंत तो फुकट राबतो. ही जमाखर्चाची पद्धति सदोष आहे हें सांगावयास कोणा अर्थशास्त्रज्ञाची गरज नाहीं. पण ती सुधारावी कशी, हा प्रश्न मात्र भल्याभल्यांस सुटलेला नाहीं.

या प्रश्नाचें एक नवें उत्तर अलीकडे पुढें आलें आहे. एखादें वन नीट राखलें गेलें, तर त्यांतून निघणाऱ्या लांकडालाच नव्हे, तर त्या वनानें केलेल्या उपकारांसहि त्रयस्थाकडून तपासून दाखला द्यावा. पाणी निर्मळ राखणें, माती धरणें, हवेंतील कर्ब सांठविणें, पशुपक्ष्यांस व वनस्पतींस आसरा देणें, हीं कामें त्या वनानें खरोखर केलीं असें सिद्ध व्हावें. आणि त्या दाखल्याच्या आधारें वनाचा सांभाळ करणारांस मोबदला मिळावा, अशी ही कल्पना आहे. शास्त्रीय परिभाषेंत या उपकारांस ‘परिसंस्था-सेवा’ असें नांव आहे. पुष्कळ वाचकांस ही कल्पना अगदीं आजची वाटेल, आणि दाखल्याची रीत आजची आहे हें खरेंच. परंतु अरण्य उपकार करितें ही साक्ष आमच्या मुंबई इलाख्यांत सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वींच सरकारदरबारीं दिली गेली होती, आणि त्या साक्षीचें फळ अरण्यांत राहणाऱ्या लोकांस गोड लागलें नाहीं. तो इतिहास ध्यानीं घेतल्यावांचून या नव्या दाखल्याची परीक्षा करतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेखप्रपंच.

वन राखून वापरावें हा विचार युरोपांत ग्रंथरूपानें प्रथम मांडला गेला तो सॅक्सनी प्रांतांत. तेथील फ्रायबर्गच्या रुप्याच्या खाणींस आणि भट्ट्यांस लांकूड व कोळसा अपार लागे. आसपासचे डोंगर उघडे पडत चालले होते. त्या खाणींच्या कारभारांतील वरिष्ठ अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स यांनीं १७१३ सालीं वनविद्येवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. जितकें पुन्हां वाढेल तितकेंच तोडावें, म्हणजे लांकडाचा पुरवठा अखंड चालेल, हें त्यांतील मुख्य सूत्र होय. पुढें जर्मनीच्या वनविद्येची इमारत याच पायावर उभी राहिली. पण हें सूत्र लांकडापुरतें होतें, हें विसरतां कामा नये. झऱ्याचा, मातीचा किंवा डोंगरकुशींतील गांवकऱ्याचा हिशेब त्यांत नव्हता.

योगायोगाची गोष्ट अशी कीं, जवळजवळ याच सुमारास आमच्याकडे रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र लिहिलें गेलें. त्याच्या आरमाराच्या प्रकरणांत झाडांविषयीं जी आज्ञा आहे ती महाराष्ट्रांतील वाचकांस परिचित आहेच. जहाजांसाठीं सागासारखें लांकूड हुजूरची परवानगी घेऊन तोडावें. पण आंबा, फणस अशा झाडांस हात लावूं नये, कारण रयतेनें तीं लेकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. आणि एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असलें, तर धन्यास राजी करून, त्याला द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तें न्यावें, असा तिचा आशय आहे. ही आज्ञा रयतेच्या लावलेल्या झाडांविषयीं आहे, घनदाट रानाविषयीं नव्हे. तेव्हां तिच्यांतून भलतेंच अनुमान काढणें योग्य होणार नाहीं. तरीहि दोन लेखांतील भेद मननीय आहे. सॅक्सन अधिकाऱ्यानें वाढीचें गणित मांडलें. मराठी अमात्यानें धन्याची संमति आणि त्याचा मोबदला यांस स्थान दिलें. वनरक्षणास या दोहोंची गरज असते, आणि पुढील दोनशें वर्षांत दुसरीचा विसर पडला.

अरण्याचा पाण्याशीं असलेला संबंध राज्यकर्त्यांच्या कायद्यांत प्रथम ठळकपणें उतरला तो लहान बेटांवर. बेटावरचें रान तुटलें म्हणजे त्याचे परिणाम एका पिढींतच डोळ्यांपुढें येतात. हिंदी महासागरांतील मॉरिशस बेट फ्रेंचांच्या ताब्यांत असतांना तेथील कारभारी पियेर प्वाव्र यांच्या प्रेरणेनें १७६९ सालीं असा नियम झाला कीं, प्रत्येकानें आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा रान म्हणून राखावा, आणि चढणीवरील व पाण्याच्या कांठचें रान विशेषेंकरून संभाळावें. वृक्ष गेले म्हणजे पाऊस जातो, अशी त्या काळच्या शास्त्रज्ञांची समजूत होती, आणि या नियमाच्या मुळाशीं तीच होती.

हाच विचार पुढें कंपनी सरकारच्या नोकरींतील डॉक्टरांनीं हिंदुस्थानांत आणला. त्या काळीं वनस्पतिशास्त्र हें वैद्यकाचेंच एक अंग समजत. त्यामुळें सरकारी बागांची व्यवस्था बहुधा डॉक्टरांकडे असे. पुण्यानजीकच्या दापोडी येथील सरकारी वनस्पतिबागेचे प्रमुख डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे असेच एक गृहस्थ. कोंकणांत फिरतांना त्यांस दिसून आलें कीं, डोंगरांवरील रान जसजसें तुटत चाललें तसतसे झरे आटूं लागले, आणि जेथें पूर्वीं गलबतें सुखानें येत त्या खाड्या गाळानें भरूं लागल्या. ही हकीकत त्यांनीं सरकारास कळविली, आणि १८४७ सालीं मुंबई सरकारनें त्यांची वनरक्षक म्हणून नेमणूक केली. मद्रासेकडे एडवर्ड बालफोर व ह्यू क्लेगहॉर्न हे डॉक्टरच अशा प्रकारचें लिखाण करीत होते. आणि १८५१ सालीं ब्रिटिश असोसिएशन या विद्वत्सभेपुढें क्लेगहॉर्न व त्यांचे सहकारी यांनीं उष्ण कटिबंधांतील वननाशाच्या परिणामांवर अहवाल ठेविला. ज्याला आज परिसंस्था-सेवा म्हणतात, तिची ही पहिली सरकारी साक्ष म्हणावयास हरकत नाहीं.

साक्ष प्रामाणिक होती. परंतु तिचा उपयोग ज्यांनीं केला त्यांस दुसरीहि गरज होती. १८५३ सालीं मुंबई ते ठाणें आगगाडी सुरू झाली, आणि रुळांखालीं घालावयाच्या लांकडांची मागणी वर्षानुवर्षें वाढत गेली. १८६४ सालीं डीट्रिख ब्रांडिस या जर्मन वनशास्त्रज्ञांच्या हाताखालीं सर्व हिंदुस्थानचें जंगलखातें स्थापन झालें. १८६५ व १८७८ सालीं जंगलाचे कायदे झाले. दुसऱ्या कायद्यानें राखीव, संरक्षित आणि ग्रामवनें असे तीन वर्ग ठरविले. त्यांपैकीं पहिले दोन झपाट्यानें वाढले, आणि तिसरा बहुतेक कागदावरच राहिला. ज्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या लोकांची गुरें चरत, जेथून जळण, पाला, मध, बांबू मिळत, तेथें आतां वहिवाट गेली आणि सवलत आली. आणि सवलत देणाराच्या मर्जीनें ती परतहि जाऊं लागली.

ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत या बदलाचा चटका फार बसला. कोंकणांतील भातशेतीची राबाची चाल वाचकांस ठाऊक असेल. भाताचें रोप टाकण्यापूर्वीं त्या जागेवर झाडांच्या फांद्या, पाला, गवत, शेण यांचे थर रचून ते जाळतात. त्याच्या राखेनें व धगीनें जमीन तयार होते. राबासाठीं फांद्या छाटणें हें शेतकऱ्याच्या दृष्टीनें नांगर धरण्याइतकेंच आवश्यक. जंगलखात्याच्या दृष्टीनें तो वृक्षांचा नाश. वारली, ठाकूर, कातकरी यांच्यापासून खोतांपर्यंत सर्वांच्या तक्रारी इतक्या वाढल्या कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास एक जंगल-कमिशन नेमावें लागलें, आणि त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर आला. तत्पूर्वींच, १८८३ सालीं लिहून पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जोतीराव फुले यांनीं गायरानें व डोंगर जंगलखात्यानें आंखून घेतल्यामुळें शेतकऱ्याच्या गुरांची कशी दैना झाली, याविषयीं कडक शब्दांत लिहिलें होतें.

१८९४ सालच्या वनविषयक धोरणांत हिंदुस्थान सरकारनें जंगलांचे चार वर्ग केले. हवामानाच्या व भूरचनेच्या कारणांसाठीं जीं राखलींच पाहिजेत तीं पहिल्या वर्गांत, मोलाच्या लांकडाचीं दुसऱ्यांत, किरकोळ गरजा भागविणारीं तिसऱ्यांत, आणि नुसतीं कुरणें चौथ्यांत. डोंगरउतारावरील वन हें खालच्या मैदानांतील शेतीचें कवच आहे, हें तत्त्व येथें राजमान्य झालें. तत्त्व खोटें नव्हतें. पण त्यांतील व्यवहार पाहावा. उपकार झाला तो मैदानांतील बागाइतदारास, बंदरांतील व्यापाऱ्यास, शहरांतील रहिवाशास. आणि त्या उपकाराचा खर्च बसला तो डोंगरांतील वारल्यावर. त्यानें राब सोडला, चराई सोडली, कुऱ्हाड खालीं ठेविली. त्याबद्दल त्याला मिळालें काय? गार्डाचा दंड. अरण्याच्या उपकारांचा युक्तिवाद अरण्यवासीयांस बाहेर ठेवण्यासाठीं वापरला गेला, ही गोष्ट त्या युक्तिवादाच्या पुढील सर्व अवतारांच्या बाबतींत आम्हीं लक्षांत ठेविली पाहिजे.

दुसरी एक गोष्ट. ही साक्ष कोणी मोजून पाहिली होती काय? गिब्सन आणि त्यांचे समकालीन हे डोळस निरीक्षक होते, पण त्यांचें निरीक्षण म्हणजे मापन नव्हे. खरें मापन विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वित्झर्लंडांत सुरू झालें. एमेंटाल भागांतील दोन लहान खोरीं, एक रानानें भरलेलें व दुसरें बहुतांशीं कुरणाचें, निवडून त्यांतील ओढ्यांचें पाणी वर्षानुवर्षें मोजण्यांत आलें. अकस्मात् कोसळणाऱ्या सरीचा लोंढा रान आवरून धरतें, पण जमीन आधींच पूर्ण भिजलेली असली तर रानाचाहि फारसा उपाय चालत नाहीं, असें दिसून आलें. अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांतील वॅगन व्हील गॅप येथें १९१० सालीं असाच प्रयोग आरंभिला. १९१९ सालीं एका खोऱ्यांतील झाडें तोडलीं, तेव्हां त्या ओढ्याचें पाणी कमी न होतां उलट वाढलें! १९८२ सालीं बॉश आणि ह्यूलेट या दोन शास्त्रज्ञांनीं जगांतील अशा ९४ प्रयोगांचा आढावा घेतला, आणि झाडें कमी झालीं म्हणजे ओढ्याचें एकूण पाणी बहुधा वाढतें, हाच निष्कर्ष त्यांतून निघाला. कारण उघड आहे: झाडहि पाणी पितें आणि तें पानांवाटे हवेंत सोडतें.

यावरून वनांचा पाण्याशीं संबंध नाहीं असें समजणें मात्र मोठी चूक होईल. पालापाचोळ्यानें झांकलेली भुसभुशीत जमीन पाऊस मुरवून घेते. तीच जमीन उघडी पडून गुरांच्या व गाड्यांच्या चाकोऱ्यांनीं घट्ट झाली म्हणजे पाणी वाहून जातें आणि माती बरोबर नेतें. खाड्यांच्या गाळाविषयीं गिब्सन यांनीं जें सांगितलें तें कसोटीस उतरतें. पावसाविषयींहि, ॲमेझॉनच्या प्रचंड अरण्यांत पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग त्याच अरण्याच्या बाष्पांतून पुन्हां पुन्हां निर्माण होतो, हें एनेयास सालाति या ब्राझिलच्या शास्त्रज्ञांनीं १९७९ च्या सुमारास दाखविलें. तात्पर्य इतकेंच कीं, अमुक वन अमुक ठिकाणीं अमुक उपकार करितें किंवा नाहीं, हें त्या ठिकाणींच मोजावें लागतें. सह्याद्रीच्या माथ्यावरील जुनें सदाहरित रान आणि पडीक माळावर रांगेनें लावलेलीं एकाच जातीचीं झाडें या दोहोंस ‘वन’ हें एकच नांव देऊन एकच पुण्य पदरांत टाकणें शास्त्रास मान्य होणार नाहीं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उपकारांचें मोल रुपयांत काढण्याचे प्रयत्न झाले. कलकत्ता विश्वविद्यालयाचे प्राध्यापक टी. एम. दास यांनीं १९७९ सालीं पन्नास टन वजनाच्या एका मध्यम वृक्षाच्या पन्नास वर्षांच्या सेवेची किंमत सुमारें १५ लक्ष ७० हजार रुपये काढली. शाळांच्या भिंतींवर हा आंकडा अद्यापि दिसतो. १९९७ सालीं रॉबर्ट कॉस्टान्झा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं साऱ्या पृथ्वीवरील निसर्गसेवांची वार्षिक किंमत सरासरी ३३ लक्ष कोटि डॉलर ठरविली. अशा आंकड्यांनीं डोळे उघडतात, पण कोणाच्या हातांत दमडीहि पडत नाहीं. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें मात्र याला व्यवहाराचें रूप दिलें. वनजमीन दुसऱ्या कामासाठीं द्यावयाची झाल्यास घेणारानें तिच्या सेवांचें ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावें असा दंडक घालून, २००८ सालीं त्याचे दर हेक्टरीं ४ लक्ष ३८ हजारांपासून १० लक्ष ४३ हजार रुपयांपर्यंत ठरविण्यांत आले. पुढें ते वाढविण्यांतहि आले. ही सुधारणा मोठीच होती. परंतु तिचें स्वरूप पाहिलें तर हें वन मोडल्याचें मोल आहे, राखल्याचें नव्हे; आणि तें जमा होतें तें वनीकरणाच्या सरकारी निधींत. ज्यानें तें रान इतकीं वर्षें राखलें, त्याला या पैशावर स्वतःचा असा हक्क नाहीं.

राखणाऱ्यास मोबदला देण्याचीं दोन उदाहरणें विशेष प्रसिद्ध आहेत. न्यूयॉर्क शहरास पाणी येतें तें दूरवर पसरलेल्या डोंगराळ खोऱ्यांतून. त्याचा मोठा भाग कॅट्स्किल पर्वतांत आहे. १९९० च्या सुमारास असा प्रसंग आला कीं, एक तर सहा ते आठ अब्ज डॉलर खर्चून पाणी गाळण्याचा कारखाना उभारावा, नाहीं तर खोऱ्यांतील रान व जमीन अशी राखावी कीं पाणी मुळांतच निर्मळ येईल. शहरानें दुसरा मार्ग पत्करला. पण याच शहरानें पूर्वीं धरणांसाठीं तेथील गांवें बुडविलीं होतीं. नुसते नियम लादतांच शेतकरी खवळले. शेवटीं दीर्घ वाटाघाटी होऊन १९९७ सालीं करार झाला, आणि शेतकऱ्यांच्या गोठ्यांची, नाल्यांची, रानांची सुधारणा शहराच्या खर्चानें होऊं लागली.

दुसरें उदाहरण मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका या चिमुकल्या देशाचें. तेथें गुरांच्या कुरणांसाठीं जंगल बेसुमार तुटलें होतें. १९९६ सालच्या वनकायद्यानें कर्बाचें नियमन, पाणी, जीववैविध्य आणि निसर्गशोभा अशा चार सेवांस मान्यता दिली, आणि पुढील वर्षापासून इंधनावरील कराच्या उत्पन्नांतून वन राखणाऱ्या जमीनमालकांस पैसे मिळूं लागले. आज त्या देशाची निम्म्याहून अधिक भूमि पुन्हां वृक्षाच्छादित आहे. याचें सारें श्रेय या एकाच योजनेस देणें बरोबर नाहीं. मांसाचे भाव उतरणें, रान तोडून जमिनीचा वापर बदलण्यास कायद्यानें बंदी होणें, अशीं इतरहि कारणें होतीं. शिवाय आरंभींच्या वर्षांत ज्यांच्याजवळ मालकीचे स्वच्छ कागद होते, अशा मोठ्या जमीनदारांसच पैसा अधिक मिळाला, असें अभ्यासकांस आढळून आलें. कागद नसलेला गरीब येथेंहि दाराबाहेरच राहिला होता; पुढें नियम बदलून ही उणीव थोडीबहुत भरून काढण्यांत आली.

आतां आपण दाखल्यापाशीं येतों. १९९२ सालीं रिओ येथें भरलेल्या जागतिक परिषदेंत राष्ट्रांना वनांविषयीं बंधनकारक करार करतां आला नाहीं. तेव्हां सरकारांची वाट न पाहतां कांहीं व्यापारी, वनप्रेमी व मूलनिवासी लोकांचे प्रतिनिधि १९९३ सालीं कॅनडांतील टोरँटो येथें जमले, आणि ‘फॉरेस्ट स्ट्यूअर्डशिप कौन्सिल’ ही संस्था निघाली. वन जबाबदारीनें राखलें आहे काय, तेथील लोकांचे हक्क व संमति पाळली आहे काय, हें त्रयस्थ तपासनीसानें पाहावें, आणि मग त्या लांकडावर खूण उमटवावी, ही तिची रीत. संस्थेच्या घटनेंत पुढें पर्यावरण, समाज आणि व्यापार अशीं तीन दालनें झालीं व तिघांच्या मतांस सारखें वजन मिळालें. ही योजना खरोखर वाखाणण्यासारखी आहे.

ही खूण लांकडापुरती होती. उपकारांचा दाखला देतां येईल काय, हें पाहण्यासाठीं चिली, इंडोनेशिया, नेपाळ व व्हिएतनाम या चार देशांत कांहीं वर्षें प्रयोग झाले, आणि २०१८ सालीं संस्थेनें त्याची पद्धति ठरविली. तींत कर्ब, जीववैविध्य, पाणी, माती आणि विहार अशा पांच सेवा घेण्यांत आल्या. वनधारकाजवळ चांगल्या व्यवस्थेचें प्रमाणपत्र आधीं असावयास हवें. मग त्यानें कोणत्या सेवेचा दावा आहे तें सांगावें. त्या सेवेची पूर्वस्थिति, तिचा लाभ घेणारे व त्या वनावर हक्क असणारे यांचें वर्णन द्यावें. आपण काय केलें म्हणजे काय परिणाम व्हावा याची कार्यकारणसांखळी मांडावी. आणि परिणाम मोजून दाखवावा. तपासनीसानें तो खरा ठरविला, म्हणजे एखादी पेढी किंवा कारखाना त्या कामास पैसा देऊन तसें जाहीर करूं शकतो. गिब्सन यांच्या काळीं जें नव्हतें तें, म्हणजे जागच्या जागीं मापन, येथें आहे, आणि हक्कदार कोण हा प्रश्न विचारण्याचें बंधनहि आहे. इतिहासाच्या दृष्टीनें ही प्रगति लहान नव्हे.

तथापि दोषहि दृष्टिआड करूं नयेत. पहिला दोष असा कीं, तपासणाऱ्याची फी तपासून घेणाराच देतो. परीक्षकाचें वेतन परीक्षार्थ्याच्या खिशांतून जाऊं लागल्यास कोणत्या विद्यापीठाची पदवी विश्वासार्ह राहील? तपासनीसांवर देखरेख ठेवणारी संस्था आहे हें खरें; पण मूळचा ताण त्यानें नाहींसा होत नाहीं. दुसरा दोष खर्चाचा. या संस्थेनें प्रमाणित केलेलें वन जगांत १५ कोटि हेक्टरांहून अधिक आहे; पण त्यांतील बहुतेक युरोप व उत्तर अमेरिकेंत आहे. ज्या उष्ण कटिबंधांतील वनांसाठीं हा खटाटोप आरंभिला, त्यांचा वाटा लहान. लेखन, मोजणी, तपासणी यांचा खर्च मोठ्या कंपनीस सोसतो. दहावीस घरांच्या वाडीस सोसत नाहीं.

नेपाळचा अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे. तेथें १९५७ सालीं खाजगी वनें सरकारजमा झालीं, आणि लोकांची रानावरील ममता उडाली. पुढें धोरण पालटलें. १९९३ सालच्या वनकायद्यानें गांवोगांवच्या उपभोक्ता समूहांस रान राखण्याचा व त्याचें उत्पन्न घेण्याचा हक्क मिळाला. आज असे वीस हजारांहून अधिक समूह तेथें आहेत, आणि पूर्वीं उघडे पडलेले कित्येक डोंगर पुन्हां हिरवे झाले आहेत. २००५ सालीं दोलखा व बझांग जिल्ह्यांतील कांहीं समूहांस मिळून प्रमाणपत्रहि मिळालें; त्यांच्या लोकता झुडपाच्या सालीचा हातकागद परदेशीं जाऊं लागला. पण प्रमाणपत्राचा खर्च परदेशी साहाय्यावर अवलंबून होता. डोंगर हिरवे झाले ते हक्कामुळें. प्रमाणपत्र मागाहून आलें. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

आमच्या देशांतहि आतां दाखल्यांचे दिवस आले आहेत. २०२३ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना जाहीर केली. त्याच वर्षीं निघालेल्या हरित-पत योजनेच्या २०२४ सालच्या पहिल्या पद्धतींत ओसाड वनजमिनीवर लावलेल्या दर झाडामागें एक पत धरण्याचें ठरलें होतें. झाडांची शिरगणति सोपी असते. पण वर जें मापनाचें तत्त्व सांगितलें, त्याच्या उजेडांत पाहिलें तर झाड मोजणें म्हणजे उपकार मोजणें नव्हे. आणि ज्या जमिनीस दप्तरांत ‘ओसाड’ म्हणतात, ती पुष्कळदां कोणाच्या तरी गुरांचें गवताळ रान असते, हें ठाण्याच्या इतिहासानें आम्हांस शिकविलेंच आहे.

याच्या उलट बाजूस गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड लोकांच्या लहानशा गांवाकडे पाहावें. सर्वांच्या संमतीवांचून निर्णय करावयाचा नाहीं, आणि अभ्यासगटांत बसून विषय समजून घ्यावयाचा, अशी त्या गांवाची रीत. आपलें रान त्यांनीं कोणत्याहि दाखल्यावांचून राखलें. २००६ सालच्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं त्यांस सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. आणि २०११ सालीं बांबू वाहून नेण्याचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. याच कायद्यानें वन्यजीव, पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे उगम यांचें रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभांस दिलेला आहे. म्हणजे ज्यांस आज परिसंस्था-सेवा म्हणतात त्यांची राखण कायद्यानें ग्रामसभेकडे सोंपविलेली आहे. त्या राखणीचा मोबदला मात्र तिला कोणी देत नाहीं. खालच्या शहरास पाणी मिळतें, त्याचें बिलहि शहरास येतें, त्या बिलांत धरणाचा, नळाचा, विजेचा खर्च असतो, रानाचा नसतो.

येथेंच या नव्या दाखल्याचा खरा उपयोग होण्यासारखा आहे, आणि येथेंच त्याची परीक्षाहि आहे. अशा कोणत्याहि दाखल्यास तीन प्रश्न विचारावे, असें हा सारा इतिहास सांगतो. ज्या उपकाराची तो ग्वाही देतो तो त्याच ठिकाणीं मोजला आहे काय, कीं गृहीत धरला आहे? ज्यांनीं वन राखलें त्यांचा त्या वनावरील हक्क आधीं मान्य झाला आहे काय, कीं दाखलाच हक्काच्या जागीं बसविला आहे? आणि मोबदल्याचा पैसा शेवटीं कोणाच्या पदरांत पडतो? गिब्सन यांची साक्ष पहिल्या प्रश्नापाशीं निम्मी टिकली. १८७८ चा कायदा दुसऱ्यापाशीं फसला. आणि न्यायालयाचें मूल्य अजून तिसऱ्यापाशीं अडखळत आहे. तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें सरळ मिळालीं, तर तो दाखला घ्यावा, आणि शहरांतील सुखवस्तु कुटुंबांनीं त्यापायीं पाण्याच्या बिलांत दोन रुपये अधिक पडले तर कुरकुर करूं नये. तो पैसा दान नव्हे; फार दिवस थकलेलें देणें आहे.